दुकानातली शपथ

आमच्या कापडाच्या दुकानात देवाचं नाव जितक्या वेळा निघे तितकं एखाद्या मठातसुद्धा निघत नसेल. सकाळी फळ्या काढल्यापासून दिवेलागणीला त्या पुन्हा चढवेपर्यंत वडलांचं, म्हणजे अप्पांचं, 'देवाशपथ' चालू. "देवाशपथ, घरात पडला तोच भाव सांगतोय." "देवाशपथ, ह्यात मला काही उरत नाही." "देवाशपथ, तुमच्या जागी माझा सख्खा भाऊ असता तरी ह्याखाली दिलं नसतं." यातलं शेवटचं तेवढं खरं असावं, भावाशी त्यांचं बोलणंच नव्हतं. वर्षानुवर्षं काही न उरता सोलापुरात भर पेठेत आमचं दुमजली घर कसं उभं राहिलं, हा प्रश्न ना अप्पांना पडला, ना गिऱ्हाइकांना. पडला तो मला, कारण मला कॉलेजात पाठवलं होतं.

दुकान पुढे, घर मागे, मधे एक उंबरा आणि छिटाचा पडदा. पडद्याच्या बाहेर मराठी, आत कानडी. आम्ही लिंगायत व्यापारी. धंदा मराठीत आणि जेवण, भांडण, पूजा कानडीत, अशी वाटणी कुणी न करताच झालेली होती. शपथ मात्र पडद्याच्या आत कधी आली नाही. लहानपणी गोट्यांच्या भांडणात मी एकदा माजघरात "देवाशपथ" म्हणालो, तर अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, लाटणं फेकून मारलं. नेम चांगला होता. "दुकानात अप्पा म्हणतात की!" मी कळवळून म्हटलं. "ते दुकानात," अव्वा म्हणाली, आणि लाटणं परत मागितलं.

त्या वेळी मला हे उघड ढोंग वाटलं. आता वाटतं, त्या दोन शब्दांत अख्खं शास्त्र होतं. अप्पा ज्या देवाची शपथ घेत तो कुठला, हे मोघम ठेवलेलं असे. नुसता देव. त्याला ना देऊळ, ना पुजारी, ना नैवेद्य. गज आणि कात्रीसारखा तो दुकानाच्या सामानातला. खरा देव वेगळा. तो गावातल्या तळ्याच्या मधोमध बसलेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. सोलापूरकरांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांचं 'तळ्यातला देव' एवढ्यावर भागेल. अप्पांनी ते नाव दुकानाच्या गादीवर बसून कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. शिंक आली तरी नाही.

मी पुण्याहून परत आलो तो तर्कशास्त्रात पहिला आणि बाकी सगळ्या विषयांत खालून पहिला येऊन. त्या दिवसांत सत्य या शब्दाला बाजारात फार मागणी होती. सभेत सत्य, भिंतीवर सत्य, सूत कातणाऱ्यांच्या तोंडी सत्य. मीही थोडं घेऊन आलो होतो, घाऊक भावानं. शिवाय एका रविवारी खानावळीत मी देव नाही हे सिद्धही केलं होतं. ऐकायला तिघं होते. त्यातले दोघं आमटीची वाट बघत होते, पण विरोध कुणी केला नाही.

तर अशा तयारीच्या माणसाच्या हाती दुकान आलं. अप्पांचा मोतीबिंदू पिकला आणि ते डोळा कापून घ्यायला मिरजेला निघाले, नेमके लग्नसराईच्या तोंडावर. टांग्यात बसताना म्हणाले, "गिऱ्हाईक आलं की बसा म्हण. पाणी दे, चहा दे आणि तोंड बंद ठेव. बाकीचं गिऱ्हाईक करतं."

टांगा वळला आणि मी पाटी रंगवायला घेतली. सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एकच भाव. येथे शपथ घेतली जात नाही.' भावही मी रास्त लावला होता. खरेदीवर थोडा नफा, बस्स. अप्पा 'काही उरत नाही' म्हणून जेवढं उरवत त्याच्या निम्मासुद्धा नाही. मला वाटलं, आता गिऱ्हाइकांची रीघ लागेल, सत्याचा विजय होईल, आणि समोरचे दुकानदार शेठ माझ्याकडे पाटीचा मजकूर मागायला येतील.

समोरचे शेठ आले खरे. पाटी वाचली, वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, "वडलांचं काही बरंवाईट झालं का?"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कुंभारी गावची एक म्हातारी. तिला पाटी वाचून दाखवली. "एकच भाव?" ती म्हणाली. "मग दुसरा कुटं मिळंल?" मी समजावलं की दुसरा नाहीच. म्हातारीनं हातातलं खणाचं कापड खाली ठेवलं. "आन् शपथ का न्हाय घ्यायची रं? माल चोरीचा हाय का?"

"आजी, मी खरंच बोलतो. मग शपथ कशाला?"

"खरं बोलनाऱ्याचं शपथ घ्यायला काय जातंय मग?"

तर्कशास्त्रात पहिला आलेला माणूस खणाची घडी घालू लागला. म्हातारी समोरच्या दुकानात गेली. तिथून "देवाशपथ, आजी" असा आवाज आला आणि तिनं जास्त भावानं तेच कापड घेतलं. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. आजारी माणसाच्या खाटेवरून उठताना हलवतात तशी.

पुढचे काही दिवस असेच गेले. लोक पाटी वाचत आणि आवाज खाली आणून बोलत. मी मात्र खूश होतो. गिऱ्हाईक कमी म्हणजे सत्य अजून नवीन आहे, असा हिशोब मी मांडला.

मग मंगळवेढ्याचे काका आले, बस्ता बांधायला.

बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. नवरीची लुगडी, नवरदेवाचा पोशाख, करवल्यांचे खण, मानापानाची धोतरं, पटके, सगळं. दोन्हीकडची माणसं सकाळी येऊन गादीवर बसतात आणि गठ्ठे बांधूनच उठतात. मंगळवेढ्याचे काका आमचं जुनं गिऱ्हाईक. ज्वारीच्या काळ्या रानाचे धनी, मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि अप्पांशी त्यांची भावाची झुंज हा लोक मुद्दाम थांबून ऐकायचे असा प्रकार. या खेपेला त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. सोबत काकू, आणि नवऱ्यामुलाचे वडील, माढ्याचे पाव्हणे. हे पाव्हणे बारीक, काळेसावळे, कमी बोलणारे. त्यांचं ते कमी बोलणंच जास्त बोचायचं.

काका गादीवर टेकायच्या आत काकू पडद्याआड जाऊन अव्वाजवळ बसल्या. थोड्याच वेळात अव्वानं मला आत बोलावलं. गोष्ट अशी होती. सुपारी फुटली त्या दिवशी काकांनी बँड आणतो म्हणून सांगितलं होतं आणि बँडवाले ऐन वेळी दुसऱ्याच लग्नाला गेले. तेव्हापासून पाव्हणे काकांच्या प्रत्येक वाक्यावर नुसतं "बघू" म्हणत. ते ऐकून ऐकून चिडलेल्या काकांनी जाहीर केलं होतं, "सोलापुरात आपलं दुकान हाय. तितं माझा शब्द चालतो. मी म्हनंन तो भाव. येऊन बघा." आणि पाव्हणे बघायला आले होते.

"हितंबी ह्यांचा शब्द पडला," काकू मला म्हणाल्या, "तर माझ्या पोरीला त्या घरात जलमभर ऐकून घ्यावं लागंल. बोलघेवड्याची लेक म्हनतील. तुमी काय शिकल्यालं हाय, तुमाला सांगाया नको."

अव्वा मला कानडीत म्हणाली, "दुप्पट सांग, शपथ घे, त्यांना खाली आणू दे, आणि गप्प बस."

मी म्हणालो, "अव्वा, आपली पाटी आहे."

अव्वानं लाटण्याकडे बघितलं, पण काकू बसल्या होत्या म्हणून सोडून दिलं.

मी इरकली लुगड्यांचा ढीग उलगडला. काकांनी एक काठ बोटांत धरला, चुरगाळला, नाक मुरडलं. हे सगळं रीतसर होतं. मग अप्पांना विचारत तसंच मला विचारलं, "हं, धाकलं मालक. सांगा."

मी भाव सांगितला. काका हसले. पाव्हण्यांकडे बघून डोळा मारला. "बरं. आता खरं सांगा."

"हाच खरा."

"अवो व्हय, पर शपथंवर सांगा की."

"काका, आपण शपथ घेत नाही. एकच भाव." मी पाटीकडे बोट दाखवलं. काकांना वाचता येत नव्हतं. पाव्हण्यांना येत होतं. त्यांनी पाटी सावकाश, प्रत्येक अक्षराला मान देत वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघू."

काकांच्या मानेवरची शीर मी बघितली. "ती पाटी दुसऱ्यांस्नी," ते म्हणाले. "आपल्याला न्हाय. व्हय की न्हाय, मालक?"

आता कुणीही शहाणा माणूस "व्हय" म्हणाला असता. मी म्हणालो, "पाटी सगळ्यांना सारखीच आहे, काका. सत्य सगळ्यांना सारखंच असतं."

पाव्हण्यांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि बशीतच म्हणाले, "चालतोय म्हनं शब्द."

पडद्याआडून अव्वा खाकरली. काकूंच्या बांगड्या वाजल्या. काका माझ्याकडे असे बघत होते की चिडले आहेत की विनवताहेत हे कळेना. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण काहीतरी मोडतोय. तेव्हा मी मनाशी तडजोड केली. शपथ घ्यायची, पण खरी घ्यायची. सत्य सुटत नाही आणि काकांचं समाधान होतं. अशी तडजोड ज्याला सुचते त्याला दुकानात बसवू नये, तुरुंगात बसवावं.

मी हात वर केला आणि म्हणालो, "देवाशपथ, काका, हे लुगडं आमच्या घरात पडलंय ते..." आणि खरेदीचा भाव सांगितला. खरा. जसाच्या तसा.

त्या दुकानाच्या जन्मापासून असा प्रकार झाला नव्हता. पण तो काय झाला हे गादीवर कुणालाच कळलं नाही, कारण शपथेवरचा भाव म्हणजे बोलणं सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी मिशीवर हात फिरवला, मांडी बदलली आणि म्हणाले, "आता कसं! आता निम्मं करा."

"निम्मं?" मी म्हणालो. "काका, ही खरेदी आहे!"

"खरेदी सगळेच म्हनत्यात," पाव्हणे म्हणाले. "निम्म्याच्याबी खाली या."

तेवढ्यात पडद्याआडून अव्वा कानडीत ओरडली, "अरे मूर्खा, खरा भाव कशाला सांगितलास?"

पाव्हण्यांना कानडी येत नव्हतं. काकांना येत होतं. मंगळवेढ्याच्या बाजारात निम्मं कानडीच चालतं. अप्पा आणि अव्वा त्यांच्यासमोर कानडीत भाव ठरवत तेव्हा काका नेहमी छताकडे बघायचे, कळत नाही असं दाखवायला. ती माणुसकीची रीत होती. आजही त्यांनी छताकडे बघितलं. पण मिशीवरचा हात थांबला. त्यांना कळलं की पोरानं खरं सांगितलंय. माणूस आंघोळ करत असताना चुकून दार उघडलं की उघडणारा जसा लाजतो तसे ते लाजले.

आता त्यांची गाडी अडली. खाली मागावं तर मित्राच्या माघारी त्याच्या पोराला बुडवल्यासारखं. न मागावं तर पाव्हण्यांसमोर शब्द पडला. शेवटी त्यांनी जुन्या माणसाला शोभेल असाच मार्ग काढला. ते ताडकन उठले. "चला पाव्हणं! दुसरं दुकान बघू. ह्या पोराला माणसाची किंमत न्हाय!"

यात काळजीचं काही नसतं, हे सोलापुरातल्या कुठल्याही मांजराला ठाऊक आहे. गिऱ्हाईक उठतं, पायरीपर्यंत जातं, दुकानदार "अहो या, बसा, तुमचं ना माझं" म्हणून ओढून आणतो. उठणं हा बोलण्याचाच भाग. पण मला ते खरंच निघाले असं वाटलं. मी म्हणालो, "जशी तुमची मर्जी, काका." वर नमस्कार केला.

काका पायरीवर गेले आणि वहाणा शोधू लागले. वहाणा समोरच होत्या. त्या चांगल्या दोन हात लांब, करकर वाजणाऱ्या, आंधळ्यालाही सापडतील अशा. तरी काका शोधत होते. मग त्यांनी पटका सोडला आणि पुन्हा बांधला. मग समोरच्या शेठला हाक मारून यंदा हुरडा कसा झाला ते सांगितलं. शेठ काकांशी बोलत होते आणि डोळ्यांनी मला खुणावत होते. मी त्यांना, वाटलं तर वहाणा शोधायला तुम्हीच मदत करा, अशा अर्थानं हसलो. पाव्हणे वहाणा घालून रस्त्यावर उभे राहिले होते. "चला की," ते म्हणाले. "न्हाय बोलवत कोन."

पडदा हलला. अव्वाचा हात बाहेर आला आणि माझ्या दंडाला असा चिमटा बसला की मी ओरडलोच, "काका!"

काका इतक्या वेगानं वळले की पायरीवर घसरता घसरता वाचले. "काय?"

काय, ते मला ठाऊक नव्हतं. बोलावलं तर होतं. खाली यायला जागा नव्हती. खरेदी सांगून झालेली. मग एकच वाट राहिली: वर जायचं. अप्पांच्या पोराला साजेसं काहीतरी करायचं, असं मी ठरवलं आणि आयुष्यातली पहिली व्यापारी थाप मारली. "काका, माझी चूक झाली. मघाशी मी दुसऱ्याच लुगड्याचा भाव सांगितला. ह्या इरकलीचा भाव..." आणि मी दुप्पट सांगितला.

मला वाटलं, आता काका आनंदानं परत बसतील, दुपटीवरून मला खाली खेचतील, पाव्हणे बघतील, सगळं मार्गी लागेल. काकांच्या डोळ्यांत तशी चमक आलीही. पण पाव्हणे रस्त्यावरून दुकानात आले. "थांबा," ते म्हणाले. "मघाशीबी शपथंवरच सांगितलंत. आताबी सांगताय. ह्यातलं खरं कंचं?"

"आत्ताचं," मी म्हणालो.

"कशावरून?"

कशावरून! कॉलेजात या प्रश्नाला मी तास तास उत्तरं दिली होती. इथं मला घाम फुटला. पाव्हणे वाट बघत होते, काका वाट बघत होते, आणि 'देवाशपथ' तर मी मघाशीच खर्च करून बसलो होतो. तेव्हा मी तळ्यातल्या देवाचं नाव घेतलं. मोठ्यानं. नाव, आणि पुढे 'शपथ'.

पडद्याआड भांडं पडलं. काका गादीवर बसत होते ते अर्धवट वाकलेले तसेच राहिले. पाव्हण्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, दुकानाबाहेर नेऊन ठेवल्या आणि तळ्याच्या दिशेला हात जोडले. समोरचे शेठ आत निघून गेले. नवीन गावात पाऊल टाकताना जसं वाटावं तसं माझं झालं. रोजच्याच गादीवर, रोजच्याच लुगड्यांत बसून.

"मालक," काका हळू म्हणाले, "नाव घेतलंत तुमी."

"हो," मी म्हणालो. "आता तुम्ही कमी मागा, काका."

"कसं मागू?" काका म्हणाले. "कमी मागायचं म्हंजे त्येला खोटं पाडायचं." त्यांनी तळ्याकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. मग सरळ बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "बांधा माल."

पाव्हणे म्हणाले, "एवढ्या भावानं?"

"बांधा म्हनलं. नाव घेतलंय पोरानं. पोरीची दोन लुगडी कमी घिऊ. कमरंचा पट्टा फुडल्या साली करू."

पडद्याच्या कडेला काकूंचा चेहरा दिसला. त्यांनी पदर सारखा केला आणि डोळे खाली घातले. शब्द गेलाच होता. आता पोरीची लुगडीही चालली होती आणि त्यावर कुणाचा इलाज नव्हता, कारण माझ्या थापेवर देवाचा शिक्का होता. गादीवरचा एकुलता एक माणूस, जो त्या देवाला मानत नव्हता, त्यानं तो मारला होता.

मला खानावळीतला रविवार आठवला. सगळे मुद्दे आठवले, क्रमानं. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त घसा कोरडा पडला होता आणि हातातल्या लुगड्याची घडी होत नव्हती. मी पाण्याचा तांब्या उचलला, तो दातांवर वाजला. तुम्ही म्हणाल, काकूंची दया आली असेल. ती आलीच. पण दया आल्यावर दात वाजत नाहीत.

"काका," मी म्हणालो, "मी खोटं बोललो."

"काय?"

"मघाचाच भाव खरा. देवाशपथ म्हणून सांगितला तो. आत्ताचा खोटा. नाव खोटं घेतलं."

आता काका मारतील असं वाटलं. अव्वा मारेल याची खात्री होती. पण आवाज आला तो पाव्हण्यांचा. ते हसत होते. त्यांना हसताना मी तोवर बघितलं नव्हतं, त्यामुळे आधी खोकल्याची उबळ आली असंच वाटलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "मानलं बगा," ते म्हणाले. "सोलापूरच्या व्यापाऱ्याचं पोर, आन् तुमच्या नुसत्या बगन्यानं खरं ओकलं! तुमी एक शब्द कमी मागितला न्हाय. नुसतं 'बांधा' म्हनलात. ह्येला म्हनत्यात शब्द चालनं."

काकांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. छताकडे बघितलं. मग मिशीवरचा हात, जो इतका वेळ थांबला होता, तो सावकाश पुन्हा चालू झाला. "मग?" ते म्हणाले. "तुमाला काय वाटलं?"

"पर आता भाव?" पाव्हणे म्हणाले. "ह्या पोराच्या तोंडचं तर कायच धरता येत न्हाय. खरं सांगतंय का खोटं, त्येलाच ठावं न्हाय."

तेव्हा अव्वा बाहेर आली. अव्वा गादीवर कधी बसत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती बसली, मला कोपरानं बाजूला सारलं आणि माझ्या पाटीकडे पाठ केली. "पाव्हणं, आता माझ्याशी बोला," ती म्हणाली. "देवाशपथ सांगते..."

"थांबा वैनी! कंच्या देवाची?"

"ते विचारायचं नसतंय, पाव्हणं."

काका गडगडून हसले, पाव्हणेही हसले, आणि दुकान पुन्हा दुकान झालं. अव्वानं काय शपथा घेतल्या! ह्यात घरचं मीठ सुटत नाही म्हणाली. नवरा आंधळा होऊन मिरजेत पडलाय म्हणाली. पोरगं हे असं निपजलं म्हणाली, आणि यावर पाव्हण्यांनी खरोखरच थोडं वाढवून दिलं. काका दोनदा उठले, दोनदा पायरीवर गेले, वहाणा दोन्ही वेळा लगेच सापडल्या, आणि दोन्ही वेळा अव्वानं "अहो भाऊ, रागावता काय" म्हणून बोलावलं. शेवटी काकांनी तळहात लुगड्यावर आपटला, "माझा शब्द! ह्याच्याम्होरं न्हाय," आणि अव्वा कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊ, तुमच्या शब्दापुढं माझं काय चालतंय." त्या भावात आम्हाला माझ्या पाटीपेक्षा चांगलं सुटलं. लुगडी सगळीच्या सगळी बांधली गेली. पाव्हण्यांनी गठ्ठा स्वतः उचलून गाडीत ठेवला आणि काकांना पुढची जागा दिली.

ते गेल्यावर अव्वा उठली. माझ्या हातात तेलाची बुधली दिली आणि तळ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "मी मानत नाही हे तुला ठाऊक आहे." ती म्हणाली, "मग चालत जा. टांगा करू नकोस." मी गेलो. दिव्यात तेल घातलं. पुजाऱ्यानं विचारलं, नवस होता का? मी म्हणालो, नाही, चूक दुरुस्ती. तो म्हणाला, बहुतेक सगळं तेल त्याच खात्यावर येतं.

अप्पा डोळ्यावर पट्टी बांधून परत आले. पेठेतल्या प्रत्येकानं त्यांना हकीकत वेगवेगळी सांगितली होती. त्यांनी मला समोर बसवलं आणि एकच विचारलं, "नाव घेतलंस तेव्हा काय झालं?"

"घसा कोरडा पडला."

"मग तू वाईट माणूस नाहीस," अप्पा म्हणाले. "पण दुकानात बसू नकोस." त्यांच्या ओळखीनं मला एका शाळेत मास्तरकी मिळाली. तिथं मी पुढं जन्मभर खरं बोलायला शिकवलं, पगार घेऊन.

मंगळवेढ्याच्या लग्नाला मात्र काकांनी मला मुद्दाम बोलावलं. या वेळी बँड होता. पंगतीत त्यांनी मला पाव्हण्यांशेजारी बसवलं. पाव्हणे माढ्याकडच्या आपल्या सगळ्या भावकीला सोलापूरची गोष्ट सांगत होते. त्यांच्या सांगण्यात भाव चौपट झाला होता, मी ढसाढसा रडलो होतो, आणि काकांनी नुसतं एकदा डोळे वटारले होते. नवरी सासूच्या शेजारी उभी होती. सासूनं तिच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून शेजारणीला दाखवला आणि म्हणाली, "हिच्या बाच्या शब्दावर आल्यालं लुगडं हाय." पोरीनं मान वर केली. काका वाढप्यांवर ओरडत असल्याचं दाखवत होते, पण त्यांचा एक कान आमच्या पंगतीकडे होता.

"हेच की ते मालक," पाव्हणे म्हणाले, आणि सगळी भावकी माझ्याकडे वळली. एकानं विचारलं, "काय वो, असंच झालं का?"

माझ्या तोंडात अख्खा लाडू होता. मी मान डोलावली.